फार्मविल येथील मोटन हायस्कूल : एका शाळेचा ऐतिहासिक मागोवा (१९३९–१९६४)

प्रस्तावना

अमेरिकेतील वंशभेदविरोधी लढ्याच्या इतिहासात सर्वोच्च न्यायालयाच्या १७ मे १९५४ च्या ‘ब्राऊन’ निर्णयाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. या निर्णयात एकत्र आलेल्या पाच दाव्यांपैकी केवळ एकाचा उगम विद्यार्थ्यांच्या संपातून झाला होता. तो दावा व्हर्जिनिया राज्याच्या प्रिन्स एडवर्ड परगण्यातील फार्मविल या लहानशा गावातील सार्वजनिक हायस्कूलचा होता. न्यायालयात मिळालेला हक्क आणि वर्गात मिळालेले शिक्षण यांत किती अंतर असू शकते, हे या शाळेच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

शाळेची स्थापना व स्थिती

व्हर्जिनियाच्या १९०२ च्या राज्यघटनेनुसार कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय मुलांना एकाच शाळेत शिकविण्यास मनाई होती. १९३९ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी फार्मविल येथे विटांची नवी इमारत बांधण्यात आली. टस्कीगी संस्थेचे दुसरे प्रमुख रॉबर्ट रसा मोटन यांचे नाव शाळेला देण्यात आले. इमारत १८० विद्यार्थ्यांसाठी होती. मात्र १९५०-५१ पर्यंत पटसंख्या साडेचारशेच्या आसपास पोहोचली. शाळेत व्यायामशाळा नव्हती, उपाहारगृह नव्हते, प्रयोगशाळाही नव्हती. नवी इमारत देण्याऐवजी परगण्याच्या शिक्षण मंडळाने आवारात डांबरी कागदाने मढविलेल्या लाकडी शेड उभारल्या. पावसात त्या गळत आणि हिवाळ्यात एका शेगडीच्या उबेवर वर्ग चालत. पालकांनी मंडळाकडे वारंवार मागणी केली, परंतु आश्वासनांपलीकडे काही हाती आले नाही.

विद्यार्थ्यांचा संप

२३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्स हिच्या नेतृत्वाखाली विद्यार्थ्यांनी संप पुकारला. मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना खोटा दूरध्वनी करून गावात पाठविण्यात आले. त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या वर्गावर्गांत धाडून सर्वांना सभागृहात जमविण्यात आले व शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती करण्यात आली. आपल्यामुळे शिक्षकांच्या नोकऱ्या जाऊ नयेत, ही दक्षता त्यामागे होती. संप दोन आठवडे चालला. विद्यार्थ्यांची मूळ मागणी चांगल्या इमारतीची होती. मात्र ‘एनएएसीपी’ या संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल व स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी एक अट घातली. दावा समान इमारतीसाठी नव्हे, तर विभक्त शाळांची पद्धतच रद्द करण्यासाठी असेल, तरच तो चालवू, असे त्यांनी सांगितले. स्थानिक धर्मगुरू फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या पाठिंब्याने पालकांनी ही अट मान्य केली. २३ मे १९५१ रोजी दावा दाखल झाला. त्याची किंमतही मोजावी लागली. सुरक्षिततेसाठी बार्बराला अलाबामातील काकांकडे पाठविण्यात आले, तर मुख्याध्यापकांना आपले पद गमवावे लागले.

निर्णय आणि शाळाबंदी

१९५२ मध्ये फेडरल न्यायालयाने विभक्ततेची पद्धत वैध ठरविली, परंतु सुविधा समान करण्याचा आदेश दिला. त्यानुसार १९५३ मध्ये मोटन हायस्कूलची नवी इमारत सुरू झाली. संपकऱ्यांनी प्रथम मागितले होते, ते अशा रीतीने मिळाले. पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने विभक्त शाळाच घटनाबाह्य ठरविल्या. तथापि व्हर्जिनियातील राज्यकर्त्यांनी संघटित प्रतिकाराचे धोरण स्वीकारले. १९५९ मध्ये एकत्रीकरण अटळ दिसताच परगण्याच्या प्रशासकीय मंडळाने सार्वजनिक शाळांसाठी निधी मंजूर करण्यासच नकार दिला. परगण्यातील सर्व सार्वजनिक शाळा बंद पडल्या. श्वेतवर्णीय मुलांसाठी खासगी अकादमी उभी राहिली व तिला काही काळ सरकारी अनुदान आणि करसवलतींचा आधार मिळाला. कृष्णवर्णीय मुलांसाठी मात्र शाळाच उरली नाही. काही मुले परगावी नातेवाइकांकडे गेली, काही चर्चच्या तळघरातील वर्गांत बसली, तर अनेकांचे शिक्षण कायमचे सुटले. १९६३ मध्ये केनेडी प्रशासनाच्या साहाय्याने, खासगी देणग्यांवर मोफत शाळा सुरू झाल्या. २५ मे १९६४ रोजी ‘ग्रिफिन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही शाळाबंदी घटनाबाह्य ठरविली आणि त्याच वर्षी सार्वजनिक शाळा पुन्हा उघडल्या.

निष्कर्ष

मोटन हायस्कूलच्या इतिहासातून दोन बाबी निदर्शनास येतात. पहिली अशी की, मोठ्या घटनात्मक बदलाची सुरुवात गळक्या छपराच्या साध्या तक्रारीतूनही होऊ शकते. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. न्यायालय भेदभाव अवैध ठरवू शकते; परंतु शाळा चालविण्याची जबाबदारीच शासनाने झटकली, तर समानतेचा हक्क कागदावरच राहतो. ‘ब्राऊन’ निर्णयानंतर दहा वर्षांनी फार्मविलच्या मुलांना सार्वजनिक शाळेचे दार उघडले गेले. जुन्या इमारतीला १९९८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला व २००१ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. शाळाबंदीत शिक्षण हुकलेल्यांसाठी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने २००४ मध्ये शिष्यवृत्ती योजना केली. तोपर्यंत त्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी वयाची पन्नाशी गाठली होती. हुकलेल्या वर्षांची भरपाई कोणत्याही निर्णयाने पूर्णतः होत नाही, हेच या शाळेच्या इतिहासाचे सार होय.