अर्भकाची चाहूल : नाद आणि अर्थ

गर्भातील जीव सुखरूप आहे किंवा नाही, हे जाणण्याची साधने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत फार थोडी होती. मातेला जाणवणारी हालचाल आणि सुईणीचा अनुभवी हात ह्यांवरच सारी भिस्त असे. १८१८ साली जिनीव्हाचे शल्यवैद्य फ्रांस्वा मायोर ह्यांनी गर्भिणीच्या उदराला कान लावून गर्भाच्या हृदयाचा नाद ऐकल्याचे नमूद केले. पुढे १८२१ च्या डिसेंबरात केर्गारादेक ह्यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे आपला निबंध वाचला. लाएनेक ह्यांनी १८१६ साली शोधलेला स्टेथोस्कोप त्यांनी गर्भिणीच्या उदरावर टेकविला, तो गर्भोदकाची खळबळ ऐकू येईल ह्या अपेक्षेने. प्रत्यक्षात ऐकू आला तो मातेच्या नाडीहून सुमारे दुप्पट वेगाचा, घड्याळाच्या टिकटिकीसारखा दुहेरी ठोका. ह्या ठोक्यांच्या बलात व गतीत पडणाऱ्या फरकावरून गर्भाचे स्वास्थ्य ओळखता येईल काय, असा प्रश्न त्यांनी त्याच वेळी उपस्थित केला. नाद सापडला होता. त्याचा अर्थ लावणे हे पुढील दोन शतकांचे कार्य ठरले.

डब्लिनचे केनेडी ह्यांनी १८३३ साली ह्या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १८९३ साली फॉन विंकेल ह्यांनी मिनिटास १२० ते १६० ठोके ही स्वाभाविक मर्यादा सांगितली. पिनार ह्यांच्या नावाने ओळखले जाणारे कर्ण्याच्या आकाराचे नळकांडे ह्याच काळात रूढ झाले. तथापि हे श्रवण थांबून थांबून करावयाचे होते. मधल्या वेळात काय घडते, हे अज्ञातच राही. १९५८ साली येल विद्यापीठाचे एडवर्ड हॉन ह्यांनी विद्युत्साधनाने हृदयगतीची अखंड नोंद घेण्याची पद्धत मांडली, आणि १९७० नंतरच्या दशकात कागदावर उमटणारा आलेख पाश्चात्त्य प्रसूतिगृहांत सर्वत्र दिसू लागला. प्राणवायूची उणीव वेळीच कळेल व सेरेब्रल पाल्सीसारखे जन्माचे पंगुत्व टळेल, अशी त्यामागे आशा होती.

ह्या आशेची कसोटी डब्लिन येथे लागली. सुमारे १३,००० स्त्रियांवरील ह्या प्रयोगाचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. अखंड नोंदीमुळे नवजातांना येणारे झटके निम्म्याने घटले, ही निःसंशय जमेची बाजू होती. परंतु मृत्यूंच्या संख्येत फरक पडला नाही, आणि चार वर्षांनंतर पाहता सेरेब्रल पाल्सीचे प्रमाणही दोन्ही गटांत सारखेच आढळले. अन्य प्रयोगांचा एकत्रित विचार करता सिझेरियन शस्त्रक्रिया मात्र वाढल्या. ह्याची कारणे उघड आहेत. ते पंगुत्व बहुधा प्रसूतीपूर्वीच्या कारणांनी उद्भवते. आलेखातील विकृती वारंवार दिसतात, पण खरी इजा विरळा होते. शिवाय एकच आलेख दोन तज्ज्ञ दोन रीतींनी वाचतात.

घरातील पाळण्याजवळही ह्याच इतिहासाची पुनरावृत्ती झाली. १९३२ साली लिंडबर्ग ह्यांच्या बालकाचे अपहरण झाल्यानंतर अमेरिकेत झेनिथ कंपनीने ‘रेडिओ नर्स’ हे यंत्र काढले. त्याचा आकार १९३७ साली शिल्पकार नोगुची ह्यांनी घडविला. ते केवळ एका खोलीतील आवाज दुसऱ्या खोलीत पोहोचवीत असे. १९७२ साली स्टाइनश्नायडर ह्यांनी झोपेत श्वास खंडित होण्याचा संबंध आकस्मिक अर्भकमृत्यूशी जोडला, आणि श्वास थांबताच घंटा वाजविणारी यंत्रे घरोघर गेली. त्यांच्या निबंधास आधारभूत असलेल्या बालकांपैकी दोघा भावंडांचा मृत्यू नैसर्गिक नव्हता. त्यांच्या हत्येबद्दल १९९५ साली त्यांची माताच दोषी ठरली. पुढे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, हजाराहून अधिक अर्भकांच्या अमेरिकन पाहणीत निरोगी बालकांतही असे श्वासखंड वरचेवर आढळले. अकाली जन्मलेल्या काही बालकांपुरता यंत्राचा उपयोग मान्य राहिला. परंतु आकस्मिक मृत्यू टाळण्यासाठी ते देऊ नये, असे अमेरिकन बालवैद्यक अकादमीने २००३ साली सांगितले.

दरम्यान बालकांचे प्राण वाचविले ते एका साध्या उपदेशाने. बाळास पालथे न निजविता उताणे निजवावे, असा प्रचार ब्रिटनमध्ये १९९१ साली व अमेरिकेत १९९४ साली सुरू झाला, आणि दोन्ही देशांत अशा मृत्यूंचे प्रमाण पुढील काळात बरेच खाली आले. प्रसूतीच्या बाबतीतही जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली निरोगी स्त्रियांसाठी अखंड आलेखाऐवजी ठराविक अंतराने केलेले श्रवणच पुरेसे मानले, आणि त्यासाठी पिनार ह्यांचे नळकांडेही ग्राह्य धरले. केर्गारादेक ह्यांच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थीच आहे. मात्र नाद अखंड ऐकू आला म्हणजे त्याचा अर्थही आपोआप कळतो, ही समजूत ह्या इतिहासाने टिकू दिलेली नाही.