वऱ्हाडातील अंगणवाडी व आशा कर्मचाऱ्यांच्या संघटना

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा स्वयंसेविका आणि गटप्रवर्तक यांच्या कामगार संघटना. आयटक आणि सिटू या केंद्रीय कामगार संघटनांशी संलग्न असलेल्या शाखा यांत प्रमुख असून राज्यपातळीवरच्या लढ्यांत त्या इतर संघटनांबरोबर कृती समितीतून उतरतात. सभासद जवळजवळ सगळ्या स्त्रिया आहेत. गरोदर बाई, बाळंतीण, सहा वर्षांच्या आतलं मूल आणि घरातलं आजारी माणूस यांची निगा राखणं हे त्यांचं रोजचं काम. सभासदांचं मानधन आणि गावातल्या लेकरांचं पोषण हे दोन प्रश्न या संघटनांना कधीच वेगळे काढता आलेले नाहीत. उत्तरेला मेळघाटाचे डोंगर, मधून खाऱ्या भूजलाचा खारपाणपट्टा आणि सर्वत्र कोरडवाहू कापूस, अशा मुलखात तसं करणं शक्यही नव्हतं.

कामगार संघटना ही गोष्ट वऱ्हाडाला नवी नाही. बडनेऱ्याची कापड गिरणी, अकोल्याची सावतराम मिल, अचलपूरची विदर्भ मिल आणि जागोजागच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये मजुरांची चळवळ रुजली होती. १९८९ मध्ये अमरावतीने सुदामकाका देशमुख यांना कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून दिल्लीला पाठवलं, ते याच परंपरेच्या बळावर. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. लाल बावट्याखाली आज या दोन जिल्ह्यांत जे मोर्चे निघतात, त्यांत गिरणी कामगारांच्या जागी मोठ्या संख्येने अंगणवाडीच्या बाई आणि आशाताई दिसतात.

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रातल्या पहिल्या प्रकल्पांत अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्याचा समावेश होता. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या पाड्यांत अंगणवाडी आली ती राज्यात इतरत्र पोहोचण्याच्या कितीतरी आधी. तेव्हा मॅट्रिक झालेल्या सेविकेला दरमहा १५० रुपये, मॅट्रिक नसलेलीला १०० आणि मदतनिसाला ३५ रुपये ठरले होते. गावातल्या एखाद्या बाईने दिवसाचे थोडे तास समाजासाठी द्यावेत आणि त्याबद्दल तिला काहीतरी द्यावं, ही त्यामागची कल्पना. पुढे कामं वाढत गेली. वजनं घेणं, लसीकरणाला मुलं जमवणं, पूर्वप्राथमिक शिक्षण, आहार शिजवणं, घरोघर भेटी, नाना प्रकारचे सर्वे आणि डझनभर रजिस्टरं. मूळची कल्पना मात्र कागदावर जशीच्या तशी राहिली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्यातून आलेल्या आशा स्वयंसेविकेला तर ठरलेलं मानधनही नव्हतं. जेवढी कामं तेवढा मोबदला, असा हिशेब होता.

कायदेशीर स्थिती. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कर्नाटकाच्या एका प्रकरणात अंगणवाडी सेविकेचं पद हे शासकीय पद नाही असा निकाल दिला आणि पुढची अनेक वर्षं सरकारांनी त्याचा आधार घेतला. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावं, किमान वेतन व निवृत्तिवेतन द्यावं अशी शिफारस केली. ती शिफारसच राहिली. २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असं सांगितलं. तेव्हापासून ग्रॅच्युइटी ही महाराष्ट्रातल्या प्रत्येक संपाच्या मागणीपत्रकात आहे. एरवी निवृत्तीच्या वेळी सेविकेला एकरकमी एक लाख आणि मदतनिसाला पंच्याहत्तर हजार एवढ्यावर घरी जावं लागत आलं आहे. तीस-पस्तीस वर्षं गावाची मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या म्हातारपणाला ही रक्कम किती दिवस पुरेल, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

संघटनेचं रोजचं काम संपापेक्षा फार लहानसहान गोष्टींत चालतं, आणि सभासद टिकतात त्या गोष्टींमुळेच. थकलेलं मानधन, इंधनाचं बिल, भाड्याच्या खोलीचं भाडं, प्रवासभत्ता, मदतनिसाची सेविकापदावर आणि सेविकेची पर्यवेक्षिकापदावर पदोन्नती, कुणाच्या तक्रारीवरून हातात पडलेली कारणे दाखवा नोटीस. एकट्या बाईचा अर्ज प्रकल्प कार्यालयात पडून राहतो. तालुक्याच्या पंचवीस-तीस जणी एकत्र गेल्या की साहेब खुर्ची पुढे ओढतात. नोटिशीला उत्तर कसं लिहायचं, पोचपावती कशी घ्यायची, सभेत उभं राहून कसं बोलायचं, हे अनेकींनी संघटनेतच शिकून घेतलं. जिल्हा परिषदेसमोरच्या धरण्यात माइक हातात घेणारी बाई गावी परतल्यावर ग्रामसभेतही गप्प बसत नाही. संघटनेने केलेलं हे काम कुठल्याही शासन निर्णयात नोंदलेलं नाही, तरी माझ्या मते त्याचं मोल मानधनवाढीहून कमी नाही.

कोविड काळ. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात सर्वांत आधी अमरावती आणि अकोल्यात लागली; महिनाअखेर अमरावती, अचलपूर व अकोल्यात पुन्हा टाळेबंदी झाली. विषाणूच्या नव्या प्रकाराच्या चर्चेत अमरावतीचं नाव जगभर गेलं. त्या दिवसांत दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजनची पातळी तपासणाऱ्या, बाधितांच्या संपर्कातली माणसं शोधणाऱ्या, पुढे लशीबद्दलची भीती घालवणाऱ्या बायका म्हणजे आशा आणि अंगणवाडी सेविका. आधीच्या वर्षी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतही त्याच होत्या. केंद्राकडून आशांना या कामासाठी महिन्याला एक हजार रुपये मिळत. काही गावांत लोकांनी त्यांना दारातून परत पाठवलं, काही घरांत त्यांच्याच माणसांनी वेगळं बसवलं. १५ जून २०२१ रोजी राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा व गटप्रवर्तक संपावर गेल्या, ते या अनुभवानंतर. २३ जूनला संप मिटला. आशांना दरमहा एक हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मिळाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. सन्मानपत्राने किराणा भरत नाही, हे संघटनांनी तेव्हाही स्पष्ट सांगितलं.

संप आणि त्यातला पेच. निगा राखणाऱ्या कामगाराचा संप हा गिरणीच्या संपासारखा नसतो. गिरणी बंद पडली तर मालकाचं नुकसान. अंगणवाडीला कुलूप लागलं तर पहिला घास तुटतो तो तिथल्या लेकराचा. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यात, जिथे १९९३ पासून बालमृत्यूंच्या बातम्या येत राहिल्या आणि उच्च न्यायालयाला जनहित याचिकांवर पुन्हा पुन्हा सरकारला जाब विचारावा लागला, तिथे हा पेच सर्वांत धारदार होतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून २०१५ पासून आदिवासी भागातल्या गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचं ताजं जेवण आणि पुढे मुलांना अंडी-केळी मिळू लागली, तेही अंगणवाडीतूनच. संपावर जाणाऱ्या सेविकेला आपल्या यादीतल्या तीव्र कुपोषित मुलाचं नाव आणि वजन तोंडपाठ असतं. ती घराबाहेर पडते ते मन घट्ट करून.

सरकारने हाच पेच तिच्याविरुद्ध वापरला. ११ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालेला संप ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मानधनवाढीच्या आश्वासनावर मिटला. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये अंगणवाडी कर्मचाऱ्यांना अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, म्हणजे मेस्मा, लावण्यात आला. विधिमंडळात आणि रस्त्यावर गदारोळ झाल्यावर काही दिवसांतच त्या निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. संपाच्या वेळी अत्यावश्यक आणि पगाराच्या वेळी मानसेवी, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. संघटनांचा सगळा युक्तिवाद या एका विसंगतीवर उभा आहे आणि तो बरोबर आहे.

२० फेब्रुवारी २०२३ च्या संपानंतर सेविकांचं मानधन ८,३२५ वरून १०,००० आणि मदतनिसांचं ४,४२५ वरून ५,५०० रुपये झालं. ४ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा बेमुदत संप झाला. किमान वेतन, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतन या मागण्या होत्या. सेवासमाप्तीच्या नोटिसा निघाल्या तरी बायका हटल्या नाहीत. बावन्न दिवसांनी, २५ जानेवारी २०२४ ला, तो आश्वासनांवर मागे घेतला गेला. बावन्न दिवसांचं मानधन म्हणजे एकट्या कमावत्या बाईच्या घरातली उधारी आणि लेकराची फी. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर सेविकांना पाच हजार आणि मदतनिसांना तीन हजारांची वाढ जाहीर झाली, त्यातला काही भाग कामावर आधारित प्रोत्साहन भत्ता म्हणून. आशांची वाटही तशीच. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संप, सात हजारांचं तोंडी आश्वासन, शासन निर्णय न निघाल्याने १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप आणि फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर मुक्काम. त्यात अमरावती-अकोल्याहून रात्रभराचा प्रवास करून गेलेल्या बायका होत्या. मार्चमध्ये पाच हजारांच्या वाढीवर शिक्कामोर्तब झालं.

सामाजिक कामं. संघटनेच्या सभासद ज्या प्रश्नांना गावात तोंड देतात तेच तिच्या ठरावांत येतात, म्हणून इथे सामाजिक कार्य हा वेगळा विभाग करावा लागत नाही. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटाला तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची ‘डंबा’ ही अघोरी रीत अजून पुरती गेलेली नाही. भुमकाकडे, म्हणजे पारंपरिक वैदूकडे, निघालेल्या आईला दवाखान्याच्या वाटेवर आणणारी व्यक्ती बहुतेक वेळा तिच्याच पाड्यातली आशा असते, आणि ती कोरकूत बोलते म्हणून ऐकलं जातं. बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामीण भागात ग्रामसेवकावर, आणि त्याला साह्य करण्याची अंगणवाडी सेविकेवर आहे. लग्न थांबवलं की गावातला रोष ग्रामसेवकापेक्षा तिच्याकडे वळतो, कारण तो तालुक्याला राहतो आणि ती त्याच गल्लीत. अशा वेळी मागे कोणीतरी उभं आहे हे दाखवायला संघटना लागते.

शेतकरी आत्महत्यांचा प्रश्नही या बायकांपर्यंत पोहोचला. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात, ज्यात अमरावती व अकोला दोन्ही आहेत, शेतकरी कुटुंबांत जाऊन मानसिक ताणाची लक्षणं टिपायचं काम आशांकडे आलं. बोंडअळीने कापूस गेलेल्या घरात बसून, कर्जाचा आकडा न विचारता, घरचा माणूस जेवतो का, झोपतो का, बोलतो का, हे काढून घ्यायचं. हे कसबाचं काम आहे. त्याचं प्रशिक्षण आणि मोबदला दोन्ही त्या कसबाला साजेसे असायला हवेत.

अकोला जिल्ह्याचा मेळघाटाशी आणखी एक धागा आहे. व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली काही गावं अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत वसवली गेली. आरोग्याच्या व इतर सोयी नाहीत, माणसं दगावतात, या तक्रारीवरून २०१७ आणि २०१९ मध्ये तिथली कुटुंबं जंगलात परतली आणि प्रशासनाशी संघर्ष झाला. नव्या वसाहतीत घर आधी येतं, अंगणवाडी आणि आशा नंतर. मधल्या काळातली बाळंतपणं आणि तापाची लेकरं कुणाच्याच यादीत नसतात. संघटना रिक्त पदं भरण्याची मागणी करतात तेव्हा ती अशा वसाहतींसाठीही असते. सपाटीवर खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या गावांत खिचडी शिजवायला गोडं पाणी आणणं हे मदतनिसाचं कुठेच न मोजलेलं काम आहे.

अलीकडचे प्रश्न. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. सरकारी मोबाईल इतके कमकुवत होते की ॲप उघडेना, आणि इंग्रजीत माहिती भरायची सक्ती होती. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते मोबाईल प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन ठेवले. २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरण्याचं काम त्यांच्याकडे आलं. प्रति अर्ज पन्नास रुपये मिळावेत म्हणून पुन्हा निवेदनं द्यावी लागली. १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा ॲपवर पडताळणं बंधनकारक झालं. चिखलदऱ्याच्या डोंगरात जिथे फोन लावायला टेकडी चढावी लागते, तिथे या अटीमुळे आहार घ्यायला आलेली बाळंतीण ताटकळते आणि राग सेविकेवर निघतो. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कापणीला गेलेली कोरकू कुटुंबं होळीला परततात. तोवर त्यांचा चेहरा पडताळायचा कुठे, याचं उत्तर त्या ॲपमध्ये नाही.

या संघटनांच्या यशाचा वाटा सर्वांना सारखा मिळालेला नाही. वीस-वीस आशांचं काम पाहणाऱ्या, गावोगाव फिरणाऱ्या गटप्रवर्तकांना २०२४ मध्ये आशांपेक्षा कमी वाढ मिळाली. उपकेंद्रांतल्या अंशकालीन स्त्री परिचर आणि शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या स्वयंपाकी बायका अजून फार मागे आहेत. त्या स्वयंपाकी बायकांचं मानधन २०२३ मध्ये वाढून महिन्याला अडीच हजार झालं. शहरांत म्हाताऱ्या माणसांकडे आणि रुग्णांकडे ठेवलेल्या आया व मोलकरणींसाठी राज्याने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, नागपुरात विदर्भ मोलकरीण संघटनेने या बायकांना एकत्रही केलं. पण अमरावती-अकोल्याच्या वसाहतींत काम करणाऱ्या बहुतेक बायकांचं नाव अद्याप कुठल्याही संघटनेच्या पावतीपुस्तकात चढलेलं नाही.