नाव एका वाटेने, चेहरा दुसऱ्या वाटेने
‘फायनल फँटसी’ या जपानी खेळमालिकेतील पूर्व आणि पश्चिम

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला होता. दुपारची जेवणे उरकल्यावर त्याने आपले खेळाचे यंत्र आमच्या टीव्हीला जोडले आणि थोड्या वेळाने मला हाक मारली, ‘‘मामा, हे बघ, शिवा आलाय. पण ही तर बाई आहे!’’

पडद्यावर बर्फाच्या स्फटिकांमधून निळसर अंगाची एक स्त्री खाली उतरत होती. अंगावरचा शेला तिने तिला पाचारण करणाऱ्या मुलीकडे टाकला, समोरच्या शत्रूला बर्फात गोठवले आणि एक चुटकी वाजवली. बर्फाच्या ठिकऱ्या झाल्या, शत्रूही संपला. खेळाचे नाव होते ‘फायनल फँटसी’, दहावा भाग.

माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती, हे कबूल केले पाहिजे. आमच्या घरात तीन पिढ्या सोमवार करतात. महादेवाचे नाव उचलून कुणाही बाईला चिकटवणारे हे लोक कोण, असे मनात आले. पण राग आला की त्याचा माग काढायचा, ही माझी जुनी सवय. त्या दुपारपासून मी या मालिकेच्या मागे लागलो. हे नाव तिथे पोहोचले कोणत्या वाटेने, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर शोधताना लक्षात आले, की ‘जपानी प्रभाव’ आणि ‘पाश्चात्य प्रभाव’ असे दोन स्वच्छ कप्पे या बाबतीत करताच येत नाहीत.

पहिला पाया

‘फायनल फँटसी’चा पहिला भाग १८ डिसेंबर १९८७ रोजी जपानमध्ये निन्तेन्दोच्या ‘फामिकॉम’ या घरगुती यंत्रासाठी विक्रीला आला. कंपनीचे नाव स्क्वेअर. खेळाचा मुख्य कर्ता हिरोनोबु साकागुची, चित्रे योशिताका आमानो यांची, संगीत नोबुओ उएमात्सु यांचे. संगणकाची आज्ञावली लिहिणारा नासिर गेबेली मूळचा इराणी, अमेरिकेत स्थायिक झालेला. पहिल्या दिवसापासूनच ही मंडळी अशी मिश्र होती. मुख्य मालिकेचा सोळावा भाग २०२३ मध्ये आला.

पहिल्या भागाचा सांगाडा अमेरिकी होता. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. प्रत्येक खेळाडूने योद्धा, चोर किंवा मांत्रिक व्हायचे, भुयारात उतरायचे आणि राक्षसांशी लढायचे. ‘फायनल फँटसी’त लढाईची रचना करणारे आकितोशी कावाझु यांनी याच खेळाचा आधार घेतला. मंत्रांच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीचे मंत्र ठरावीक वेळाच वापरता येणे, ही पद्धत तिथलीच.

राक्षसही तिथलेच. मारिलिथ ही सहा हातांची, खाली सापाचे शरीर असलेली स्त्री ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७७ च्या राक्षसकोशात आहे आणि ‘फायनल फँटसी’त ती अग्नीची स्वामिनी होऊन येते. बॅबिलोनच्या पुराणातली आदिसागराची देवी तियामत अमेरिकी खेळात पाच तोंडांची ड्रॅगन झाली आणि जपानी खेळातही अनेक तोंडांची ड्रॅगन म्हणूनच उतरली. बहामूतची कथा तर आणखी लांबची. जुन्या अरबी विश्ववर्णनात बहामूत हा पृथ्वीच्या तळाशी असलेला महाकाय मासा आहे. त्याच्यावर बैल, बैलावर खडक, खडकावर देवदूत आणि देवदूताच्या खांद्यावर पृथ्वी. आपल्या शेषाला आणि कूर्माला जवळचे वाटावे असे हे काम. अमेरिकेत या माशाचा ड्रॅगन झाला, आणि आज जगभरच्या मुलांना बहामूत म्हणजे ड्रॅगनांचा राजा एवढेच ठाऊक आहे.

याच १९७७ च्या कोशात आपला राक्षसही आहे, वाघाच्या तोंडाचा. म्हणजे भारतीय नावे अमेरिकी खेळाडूंच्या टेबलावर जपानी खेळाच्या दहा वर्षे आधीच पोहोचली होती.

समुराई अमेरिकेहून परत येतो

मग या खेळात जपानी काय आहे? सामुराई, निन्जा, मासामुने नावाची तलवार, असे कुणीही चटकन सांगेल. पण तिथेही गंमत आहे. १९८१ साली अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोन अमेरिकी तरुणांनी ‘विझर्ड्री’ हा संगणकीय खेळ काढला. त्यात सामुराई आणि निन्जा होते, आणि मुरामासा या जपानी लोहाराच्या नावाची एक जबरदस्त तलवारही होती. मात्र तिचे स्पेलिंग चुकून ‘मुरासामा’ असे झाले होते. हा खेळ जपानमध्ये अतिशय लोकप्रिय झाला. जपानी तरुणांनी आपल्याच सामुराईला अमेरिकी भुयारात भेटून घरी परत आणले, असे म्हणायला हरकत नाही.

‘फायनल फँटसी’च्या पहिल्या भागात चोराचा निन्जा होतो. ही बढती त्याला मिळते ती बहामूतकडून, आणि शौर्याचा पुरावा म्हणून त्याला उंदराची शेपटी आणून द्यावी लागते! याच भागात आर्थर राजाची एक्सकॅलिबर आणि मासामुने या दोन्ही तलवारी आहेत. एक्सकॅलिबर फक्त सरदाराला पेलते. मासामुने कोणीही उचलावी, मांत्रिकानेसुद्धा, आणि ताकदीने तीच सगळ्यांत मोठी. एवढ्या पाश्चात्य पसाऱ्यात कामाकुरा काळातल्या लोहाराच्या तलवारीला दिलेला हा मान मला बोलका वाटतो.

आमानोंच्या चित्रांतही हाच फेरा आहे. त्यांच्या लांबसडक, तरंगत्या रेषांमागे जपानी लाकडी ठशांची चित्रे आहेत आणि युरोपातली ‘आर नूव्हो’ शैलीही आहे. पण ‘आर नूव्हो’ स्वतः एकोणिसाव्या शतकात त्याच जपानी ठशांवर पोसलेली. आता यातले पूर्वेचे कोणते आणि पश्चिमेचे कोणते, हे कसे वेगळे काढायचे?

अक्षरांची साक्ष

या शोधासाठी मी पन्नाशीनंतर जपानी ‘काना’ अक्षरे शिकलो. एका वहीत रोज दहा, असे करत. पहिल्याच पानावर मला धक्का बसला. अक्षरांचा क्रम होता आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही तर आपलीच बाराखडी, थोडी आखडलेली! तो योगायोग नव्हे. संस्कृत मंत्रांचे उच्चार शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे हा क्रम जपानला पोहोचला. त्याच वाटेने देवही गेले. इंद्राचा ताइशाकुतेन झाला, सरस्वतीची बेन्झाइतेन, गरुडाचा कारुरा, असुराचा आशुरा. भारतातून मध्य आशिया, चीन, कोरिया अशी ही जुनी वाट. प्रत्येक मुक्कामी उच्चार थोडा झिजला.

आता खेळातली नावे पाहा. १९९० च्या तिसऱ्या भागात गरुड शत्रू म्हणून येतो. त्याचे नाव ‘कारुरा’ नाही, ‘गारूदा’ आहे. १९९१ च्या चौथ्या भागात असुर येतो, किंबहुना येते, कारण तीही स्त्री आहे, पाचारण केल्यावर येणाऱ्या देवतांची राणी. तिचे नाव जपानीत ‘आशुरा’ लिहिणे सहज शक्य होते. प्रत्यक्षात ‘आसुरा’ लिहिले आहे. तिसऱ्या भागात पहिल्यांदा येणारी बर्फाची देवता आहे ‘शिवा’. शिवाला जपानी देवळात दाइजिझाइतेन म्हणतात, आणि त्याचे महाकाल रूप तिथे दाइकोकुतेन झाले आहे. खेळात यांपैकी काही नाही.

याचा अर्थ मला असा लागतो, की ही नावे देवळातून आलेली नाहीत. ती आधुनिक पुस्तकांतून, कोशांतून, दैवतकथांच्या संग्रहांतून आली, संस्कृत उच्चार ताजे ठेवून. हा नवा रस्ता प्राच्यविद्येचा आणि अमेरिकी खेळांचा. हजार वर्षांपूर्वी जी नावे पायी गेली होती, तीच पुन्हा दुसऱ्या बाजूने टपालाने आली.

चेहऱ्यांची साक्ष

पण चेहरे वेगळेच सांगतात. खेळातल्या आसुराला तीन तोंडे आहेत, आणि कोणते तोंड पुढे येईल त्यावर ती जखमा भरणार, मेलेल्याला उठवणार की कवच देणार हे ठरते. नारा शहरातल्या कोफुकु-जी मंदिरात इ. स. ७३४ मध्ये घडवलेली आशुराची मूर्ती आहे. कोरड्या लाखेची, आतून पोकळ, दीड मीटर उंचीची, तीन तोंडे आणि सहा हातांची. मधला चेहरा कोवळ्या मुलाचा, भुवया किंचित आक्रसलेल्या, पुढचे दोन हात जोडलेले. जपानमध्ये ही मूर्ती ठाऊक नाही असा माणूस विरळा. म्हणजे नाव नव्या वाटेने आले आणि तोंडे जुन्या वाटेने. दोघांची गाठ एका लहानशा यंत्रात पडली.

१९९२ च्या पाचव्या भागातला गिल्गमेश हा आणखी ठळक नमुना. नाव मेसोपोटेमियाच्या महाकाव्यातले, जोडीदार एन्किदूही तिथलाच. पण हा मनुष्य पुलावर वाट अडवतो आणि नामांकित तलवारी गोळा करण्याचा त्याला नाद आहे. जपानी वाचक लगेच ओळखतो, की हा बेन्केइ आहे. हजार तलवारींचा पण करून क्योतोच्या गोजो पुलावर उभा राहिलेला आणि कोवळ्या उशिवाकाकडून हरलेला दांडगा योद्धा. खेळातल्या गिल्गमेशला शेवटी एक्सकॅलिबरऐवजी ‘एक्सकॅलिपूर’ मिळते, जिच्या वाराने शत्रूला जेमतेम ओरखडा उठतो. जपानी लिपीत या दोन नावांत फरक आहे तो अक्षराच्या डोक्यावर दोन बारीक फराटे की एक गोल टिंब, एवढाच. कथा इराकची, तलवार ब्रिटनची, पूल क्योतोचा आणि विनोद फक्त जपानी शाळकरी मुलाला कळणारा.

आता शिवाकडे परत येऊ. पांढरी, देखणी, श्वासाने माणसाला गोठवणारी स्त्री जपानी लोककथेत फार जुनी आहे. तिचे नाव युकी-ओन्ना, हिमस्त्री. खेळातली शिवा तिचीच बहीण आहे असा माझा तर्क आहे. नाव कैलासावरचे, शरीर जपानच्या हिवाळ्यातले. पण इथेही एक वळसा आहेच. हिमस्त्रीची आज सर्वांना माहीत असलेली कथा सांगितली लाफ्काडिओ हर्न या ग्रीक-आयरिश वंशाच्या लेखकाने, १९०४ च्या ‘क्वाइदान’ या पुस्तकात, आणि तीही इंग्रजीत. जपानी वाचकांकडे ती अनुवादातून परत आली. घरचे भूतसुद्धा परदेशवारी करून आलेले!

अमेरिकेतली चाळण

हे खेळ जपानबाहेर गेले तेव्हा त्यांना आणखी एक चाळणी लागली. त्या काळी निन्तेन्दोच्या अमेरिकी शाखेचे धार्मिक चिन्हांबाबत कडक धोरण होते. पहिला भाग १९९० मध्ये अमेरिकेत गेला तेव्हा प्रार्थनाघरांचे ‘क्लिनिक’ झाले, त्यांवरचे क्रूस पुसले गेले आणि ‘होली’ नावाच्या मंत्राचे नाव बदलले. चौथ्या भागात प्रार्थनेचा मनोरा इच्छांचा मनोरा झाला.

शिवा आणि आसुरा ही नावे मात्र चाळणीतून सहीसलामत उतरली. उलट, वीज पाडणारा रामूह नावाचा दाढीवाला म्हातारा चौथ्या भागाच्या अमेरिकी आवृत्तीत चक्क ‘इंद्र’ झाला. तो बदल अभ्यासू होता, वज्र इंद्राचेच. पण यातून एक गोष्ट उघड होते. आपल्या धर्माची नावे जपायची आणि परक्याच्या धर्माची नावे म्हणजे कथा, असा हा हिशोब. माझ्या रागाला जागा असेलच तर ती इथे आहे. जपानी चित्रकाराने शिवाला स्त्री केले त्यात ती नाही. कुठले नाव जिवंत श्रद्धेचे आणि कुठले फक्त गोष्टीतले, हे ठरवणाऱ्याला आपण दिसलोच नाही, यात आहे.

दहावा भाग २००१ चा, भाच्याने दाखवला तो. तोवर कर्त्यांनी युरोपी किल्ले बाजूला ठेवून ओकिनावा आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांकडे तोंड वळवले होते. नायक-नायिकेची नावेसुद्धा ओकिनावाच्या बोलीतल्या सूर्य आणि फूल या शब्दांवरून. त्यात पैसे घेऊन लढणारा ‘योजिम्बो’ही आहे. कुरोसावांच्या १९६१ च्या चित्रपटाचे हे नाव, ज्यावरून इटलीत १९६४ साली एक प्रसिद्ध काउबॉयपट निघाला. फेरा काही सुटत नाही.

शेवटी भाच्याचा प्रश्न

राग गेला का? बराचसा. दाइकोकुतेनचे चित्र पाहिले तेव्हा अधिक गेला. आपला श्मशानातला महाकाल तिथे भाताच्या पोत्यांवर उभा आहे, हातात मोगरी, पाठीवर थैली, चेहऱ्यावर हसू, आणि लोक त्याच्याकडे बरकत मागतात. हे त्याचा अपमान करायला कुणी केले नाही. शतकानुशतके पूजा करता करता झाले. खेळातले रूपांतर पूजेतून झालेले नाही, हा फरक मी विसरत नाही. पण नावे एकदा प्रवासाला निघाली की परतीचे भाडे मागायला ती आपल्याकडे येत नाहीत, हेही खरे.

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला भाचा पुन्हा आमच्याकडे होता. पहाटे अभ्यंगस्नान झाले, त्याने तुळशीपाशी डाव्या अंगठ्याने कारीट फोडले, जिभेला लावून तोंड वाकडे केले. फराळाला बसल्यावर मी त्याला नाराच्या आशुराचे छायाचित्र दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘मामा, हा तर हात जोडून उभा आहे. मग मघाशी मी कोणाला फोडलं?’’

‘‘त्याच्याच कुळातल्या एकाला,’’ मी म्हणालो. ‘‘तो इकडे राहिला. हा लांब गेला.’’