राज्य कोणाचं, शाळा कोणाची

इंदूरच्या छत्रीबागेत होळकर घराण्यातल्यांच्या छत्र्या आहेत. छत्र्या मराठी राज्यकर्त्यांच्या. त्यांची प्रजा मात्र माळवी, निमाडी आणि भिली बोलणारी. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झालं. शहरात इंग्रज रेसिडेंट आला आणि वीस-बावीस किलोमीटरवर महूची छावणी वसली. दरबारात मराठी, रेसिडेन्सीत इंग्रजी, बाजारात माळवी आणि हिंदी अशी वाटणी झाली. कोणाच्या पोराने किती शिकायचं, हेही पुढे बरंचसं याच वाटणीवर ठरलं.

१८४० च्या दशकाच्या सुरुवातीला हरिराव होळकरांच्या काळात इथे मदरसा निघाला. त्यात इंग्रजी, फारसी, हिंदी आणि मराठी असे वर्ग होते. देशावरून आलेल्या कारकुनाच्या मुलाला घरात जी भाषा, तीच दप्तरात आणि तीच वर्गात मिळे. माळवी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाने मदरशाच्या पायरीपर्यंत यायचं ठरवलं, तरी त्याच्या बोलीचा वर्ग तिथे नव्हता. परमुलखात मराठी माणसाला भाषेमुळे सोसावं लागलं, असं आपण नेहमी ऐकतो. इंदुरात काही पिढ्या ही गोष्ट नेमकी उलटी होती.

मराठीच्या वर मात्र इंग्रजी होती. संस्थानिक आणि सरदारांच्या मुलांसाठी १८७० मध्ये रेसिडेन्सी स्कूल सुरू झालं आणि पुढे सर हेन्री डेली यांच्या नावाने ते डेली कॉलेज म्हणून ओळखलं जाऊ लागलं. राजघराण्यात जन्मलेल्या मुलाला इंग्रजी साहेबाच्या वळणाने वाढवायचं, हा त्यामागचा हिशोब होता. १८८७ मध्ये कॅनडाच्या मिशनऱ्यांनी ख्रिश्चन कॉलेज काढलं आणि १० जून १८९१ रोजी शिवाजीराव होळकरांनी होळकर कॉलेज. राजा मराठी असला तरी पदवीची परीक्षा इंग्रजीतच द्यावी लागे. विद्यापीठही बाहेरचं होतं. इंदूरला स्वतःचं विद्यापीठ १९६४ मध्ये मिळालं.

१८९१ मध्येच, होळकर कॉलेज उघडण्याच्या दोन महिने आधी, १४ एप्रिलला महूच्या छावणीत भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. पलटणीतल्या शिपायांच्या मुलांना शिकवणं सक्तीचं असल्यामुळे महार कुटुंबांत अक्षरओळख पोचली होती. मात्र ती वाट टिकली नाही. 'लढवय्या जमाती' ठरवण्याच्या इंग्रजी धोरणात महार बसले नाहीत आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची भरती थांबली. मुलांसाठी शाळा उघडी करणारी नोकरीच त्यांच्या हातून गेली. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमरावांना संस्कृत शिकायचं होतं. जातीमुळे ते नाकारलं गेलं आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. मराठी त्यांची मातृभाषा होती, इंदूरच्या सत्ताधाऱ्यांचीही होती; पण ज्या भाषेला ज्ञानाचा मान होता तिच्या दारावर जातीचा पहारा होता.

विसाव्या शतकात इंदुरात भाषांच्या सभा भरू लागल्या. १९१७ मध्ये गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झालं. पुढच्याच वर्षी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून गांधीजी आले आणि इथूनच दक्षिणेत हिंदी प्रचाराची मोहीम निघाली; त्याच वर्षी त्यांचे पुत्र देवदास गांधी मद्रासला गेले. १९३५ मध्ये दोन्ही संमेलनं पुन्हा इंदूरलाच झाली. मराठीचे अध्यक्ष होते औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी, हिंदीचे पुन्हा गांधीजी. एकाच गावात एक भाषा आपला जुना मान मिरवत होती आणि दुसरी देशभर पसरण्याची तयारी करत होती.

१९४८ मध्ये होळकरांचं संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशात आलं. दप्तर हिंदीत चालू लागलं आणि मराठी घरं भाषिक अल्पसंख्याक ठरली. त्याच वर्षी राज्यघटनेत आलेल्या ३५०-अ कलमाने अशा मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याच्या सोयी करण्याचा प्रयत्न राज्यांवर सोपवला. मराठी मुलाला आता इतरांच्या भाषेत शिकावं लागलं, जसं माळवी मुलाला पूर्वीपासूनच लागत होतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने वैद्यकीय शिक्षणाची पुस्तकं हिंदीत आणली. इंग्रजीमुळे मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ती मोठी सोय आहे. निमाडच्या डोंगरपट्ट्यात घरी भिली किंवा बारेली बोलणारं मूल मात्र पहिलीत जातं तेव्हाच त्याला हिंदी नव्याने शिकावी लागते, आणि डॉक्टर व्हायचं म्हटलं तर पुढे इंग्रजीही.