सॅटर्डे नाइट लाइव्हचे रॉक यजमान

अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर ११ ऑक्टोबर १९७५ रोजी 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. निर्माते लॉर्न मायकल्स यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील ८-एच हा स्टुडिओ निवडला. मूळचा तो रेडिओसाठीचा. तेथे संगीत-संचालक तोस्कानिनी वाद्यवृंद चालवीत. दर आठवड्याला नवा पाहुणा यजमान, दीड तास थेट प्रहसने आणि अधूनमधून गाणी, असा कार्यक्रमाचा साचा ठरला.

दुसऱ्याच भागाचे यजमानपद गायक पॉल सायमन यांच्याकडे गेले. पण गाणे आणि विनोद ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. कॅमेऱ्याशेजारी धरलेल्या फलकावरचे संवाद वाचत असतानाही ते सहज सुचल्यासारखे वाटावे लागतात. १९७८ मध्ये यजमान झालेल्या रॉक संगीतकार फ्रँक झापा यांनी आपण फलक वाचत असल्याचे प्रेक्षकांना वारंवार दाखवून दिले. प्रयोग धाडसी असेल, पण प्रहसने पडली, आणि झापांना पुन्हा बोलावणे आले नाही.

याउलट, रोलिंग स्टोन्सचे गायक मिक जॅगर यांनी १९ मे २०१२ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, हंगामाचा अखेरचा भाग सादर केला. कराओकेच्या प्रहसनात सहकारी जॅगरची नक्कल करीत होते आणि जॅगर स्वतः बुजरा नोकरदार झाले होते. स्वतःच्या प्रतिमेची अशी थट्टा तरुण ताऱ्याला सहसा झेपत नाही. कार्यक्रम सोडणाऱ्या अभिनेत्री क्रिस्टन विग यांना निरोपही त्याच रात्री, जॅगर यांच्याच गाण्यांनी देण्यात आला.