मंडईतला लॅपटॉप आणि न बोलणारं वायफाय कार्ड

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजची गोष्ट तशी जगभरची आहे, पण मी ती मंडईतून सांगणार आहे. कारण मला ती तिथेच कळली.

साल २००७. आमचं घर मंडईच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर. वडिलांचा मंडईत भाजीचा गाळा. धाकटी बहीण संगणकाच्या पदवीला लागली होती आणि तिला घरी मशीन हवं होतं. नवा लॅपटॉप आम्हाला झेपणारा नव्हता. बाबांची भिशी लागली, त्या पैशातून आम्ही तपकीर गल्लीतून एक वापरलेला लॅपटॉप आणला. त्यात विंडोजची चोरटी कॉपी होती, आणि व्हायरस तर फुकटच मिळाले होते. मी ते सगळं पुसलं आणि उबुंटू टाकलं. त्या काळी उबुंटूची सीडी मागवली की कॅनॉनिकल कंपनी ती पोस्टाने फुकट घरपोच पाठवायची, आठवतंय ना?

स्क्रीन चालली, आवाज आला, कीबोर्ड चालला. वायफाय मात्र नाही! आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं. ब्रॉडबँड खालच्या मजल्यावरच्या काकांकडे होतं. वाड्याचे मालक जिन्यातून वायर ओढू देत नव्हते. काका म्हणाले होते, "पोरगी शिकतेय, पासवर्ड घ्या." पासवर्ड होता, पण तो टाकायला जागाच नव्हती. बाबांनी रात्री गाळा बंद करून आल्यावर एकच विचारलं, "पैसे पाण्यात गेले का रे?"

मी म्हणालो, "लिनक्समध्ये काहीतरी गडबड आहे." हे उत्तर चुकीचं होतं. ते का चुकीचं, हाच आजचा विषय.

कार्ड होतं, पण भाषा माहीत नव्हती

लॅपटॉपमधलं वायरलेस कार्ड म्हणजे बोटभर लांबीचा रेडिओ. त्याला चालवायला दोन गोष्टी लागतात. एक ड्रायव्हर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि कार्ड यांच्यातला दुभाषा. दुसरी फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्रॅम. खर्च वाचावा म्हणून बऱ्याच कार्डांवर फर्मवेअर कायमचं कोरलेलं नसतं. मशीन सुरू झालं की ड्रायव्हरच ते फाइलमधून उचलून कार्डात भरतो. फाइल नसेल तर कार्ड दिसतं, पण बोलत नाही. माझं तेच झालं होतं. यादीत कार्डाचं नाव येत होतं, पुढे सगळी शांतता.

आता दुभाषा लिहायचा तर भाषा माहीत हवी. कुठल्या पत्त्यावर कुठला आकडा लिहिला की रेडिओ कुठल्या चॅनेलवर जातो, याचं पुस्तक फक्त चिप बनवणाऱ्या कंपनीकडे असतं. विंडोजसाठी कंपनी स्वतःच ड्रायव्हर लिहून सीडीवर द्यायची. लिनक्ससाठी ना ड्रायव्हर, ना पुस्तक. माझं कार्ड कोणत्या कंपनीचं होतं ते सांगत नाही. त्या काळात अनेक कंपन्यांचं असंच होतं.

कंपन्या का लपवत होत्या? एक तर स्पर्धकांची भीती. दुसरं कारण जास्त रंजक आहे. रेडिओ लहरींवर प्रत्येक देशाचे नियम असतात. ड्रायव्हर उघडा केला तर कोणीही मनाई असलेल्या पट्ट्यात किंवा जास्त ताकदीने प्रक्षेपण करेल, आणि सरकार आम्हाला धरेल, असं कंपन्या सांगत. आपल्याकडचंच बघा. केंद्र सरकारने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात घराबाहेरही कमी शक्तीची उपकरणं परवान्याशिवाय वापरायला मोकळीक दिली ती जानेवारी २००५ मध्ये. म्हणजे काकांचा मोडेम ज्या लहरींवर चालत होता, त्या पूर्ण मोकळ्या होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

बंद कुलपं आणि त्यांचे कारागीर

८०२.११ हे वायफायचं मूळ मानक १९९७ चं. लिनक्समध्ये वायरलेस कार्डांशी बोलायची पहिली सामाईक पद्धत, 'वायरलेस एक्स्टेन्शन्स', नव्वदच्याच दशकात जाँ तूरिल यांनी बांधली. सुरुवातीच्या कार्डांवर बरंचसं काम कार्डाच्या आतच व्हायचं, त्यामुळे ड्रायव्हर सोपा असायचा. मग कार्डं स्वस्त करायच्या नादात कंपन्यांनी ते काम कॉम्प्युटरवर ढकललं. ड्रायव्हर मोठा झाला, गुंतागुंत वाढली, आणि गुपितंही वाढली.

मार्च २००३ मध्ये इंटेलचं सेंट्रिनो आलं आणि लॅपटॉपमध्ये वायफाय असणं नेहमीचं झालं. लिनक्सवाल्यांचे हाल तिथूनच वाढले. त्याच वर्षी एक जुगाड निघाला: एनडिसरॅपर. पाँटस फुक्स यांनी तो सुरू केला आणि पुढे गिरिधर पेम्मसानी यांनी अनेक वर्षं सांभाळला. कल्पना अशी, की ड्रायव्हर मिळत नाही ना, मग विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये घ्यायचा आणि त्याला वाटेल अशी व्यवस्था करायची की आपण विंडोजमध्येच आहोत. चालायचं! पण आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नसे. बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? कर्नल लिहिणाऱ्यांमध्ये यावरून बरीच भांडणं झाली.

दुसरा रस्ता लांबचा होता. ब्रॉडकॉमच्या चिप त्या वेळी असंख्य लॅपटॉपमध्ये होत्या आणि त्यांची माहिती कुठेच नव्हती. तेव्हा काही स्वयंसेवकांनी दोन गट केले. पहिल्या गटाने कंपनीचा बंद ड्रायव्हर उलगडून बघायचा आणि चिप कशी वागते याचं वर्णन साध्या भाषेत लिहायचं. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे बघायचंसुद्धा नाही. फक्त ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहायचा. म्हणजे नक्कल केली असा आरोप कोर्टात टिकू नये. डिसेंबर २००५ मध्ये हा ड्रायव्हर जाहीर झाला आणि जून २००६ च्या २.६.१७ या कर्नलमध्ये आला. तरी फर्मवेअर बंदच होतं. ते वाटायची परवानगी नव्हती, म्हणून कंपनीच्या ड्रायव्हरमधून ते कापून काढायचं वेगळं साधन लिहावं लागलं.

अ‍ॅथेरॉसच्या कार्डांचं कुलूप ओपनबीएसडीच्या राइक फ्लोटर यांनी उघडलं. त्यांच्या कामाचा आधार घेऊन पुढे लिनक्समध्ये एटीएच५के आला. आणि मग हळूहळू कंपन्याच वळल्या. अ‍ॅथेरॉसने २००८ मध्ये नव्या चिपसाठी स्वतःच खुला ड्रायव्हर दिला. ब्रॉडकॉमने सप्टेंबर २०१० मध्ये. म्हणजे पहिल्या गटाने उलगडायला बसल्यानंतर पाचेक वर्षांनी.

वायफाय हवं तर आधी इंटरनेट हवं

आता परत वाड्यात. पुण्यात तेव्हा पुणे लिनक्स युजर्स ग्रुपच्या बैठका होत, आणि सिंबायोसिसच्या एसआयसीएसआर संस्थेत जीएनयूनिफाय नावाचा वार्षिक मेळावा भरायचा. अशाच एका ठिकाणी मी लॅपटॉप पिशवीत घालून गेलो. एका मुलाने यादी बघितली आणि हसून म्हणाला, "यासाठी जे पॅकेज लागतं ते इंटरनेटवरून घ्यावं लागेल." अरे, पण इंटरनेटसाठीच तर हा सगळा खटाटोप!

शेवटी सायबर कॅफेत बसून पेन ड्राइव्हवर फाइली घेतल्या. एकीला दुसरी लागायची, दुसरीला तिसरी. बाजीराव रोडवर तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या दिवशी रात्री एनडिसरॅपरमध्ये विंडोजचा ड्रायव्हर घातला आणि लॅपटॉपच्या कडेचा निळा दिवा लागला. बहिणीने काकांचा पासवर्ड टाकला. बाबा जागेच होते. त्यांनी दिव्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लागला म्हणजे झालं?"

मी त्यांना समजावलं, की चालतंय, पण आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही, मध्येच मशीन अडकतं. ते म्हणाले, "म्हणजे शिक्का नसलेला काटा. वजन दाखवतो, पण खरं-खोटं कोण बघणार?" ज्यांच्या काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का दरवेळी तपासला जातो, त्यांना ही गोष्ट माझ्याआधी कळली होती.

साधारण वर्षभराने मी उबुंटूची पुढची आवृत्ती टाकली आणि वायफाय आपोआप चालू झालं. काही न करता! खुला ड्रायव्हर आला होता. कुठल्याशा देशातल्या कोणीतरी रात्री जागून ती भाषा शोधली होती, आणि त्याचा उपयोग मंडईमागच्या वाड्यात होत होता. बहिणीने शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्याच मशीनवर केला.

आज काय स्थिती?

आज बहुतेक लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की वायफाय चालतं. नाही चाललं तर घाबरू नका. आधी यूएसबी केबलने मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला द्या. माझ्या तीन फेऱ्या वाचतील. मग 'आरएफकिल' ने कार्ड बंद तर केलेलं नाही ना ते बघा. 'एलएसपीसीआय' ने चिपचं नेमकं नाव काढा, आणि 'डीमेसेज' मध्ये फर्मवेअरची कुठली फाइल मागितली आहे ते वाचा. दहापैकी आठ वेळा उत्तर तिथेच असतं.

पण गोष्ट संपलेली नाही, बरं का. ड्रायव्हर उघडे झाले, फर्मवेअर बहुतेक ठिकाणी अजून बंदच आहे. डेबियनने वर्षानुवर्षं ते आपल्या मुख्य सीडीबाहेर ठेवलं. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं, आणि जून २०२३ च्या बारा क्रमांकाच्या आवृत्तीपासून बंद फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागलं. तत्त्व थोडं वाकवलं, पण नवीन माणूस पहिल्याच पायरीवर अडकू नये म्हणून. मला हा निर्णय पटतो. माझी बहीण अडकली होती ती पायरी मला आठवते.

जाता जाता मंडईबद्दल एक. १८८६ साली ही इमारत रे मार्केट म्हणून उघडली. ती बांधायचं घाटत होतं तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता. पैसा आधी शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. आज तीच इमारत त्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि बाबांचा गाळा तिथेच आहे. काट्यावर यंदाचा शिक्का आहे. मी मागच्या आठवड्यात बघितला.

चला, आज इथेच थांबू. पुढच्या भागात भेटू.