दुसरं लुगडं आणि लेडीज डबा

सावित्रीबाई फुले पुण्यात शाळेत शिकवायला निघत, तेव्हा जवळ एक जादा लुगडं ठेवत, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. काळ १८४८ नंतरचा. वाटेत लोक अंगावर शेण-चिखल फेकत. शाळेत पोचलं की त्या लुगडं बदलत आणि शिकवायला उभ्या राहत. धैर्याची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो आणि ती आहेच. पण वय वाढत गेलं तसं मला तिच्यात आणखी काही दिसायला लागलं. रस्ता सुधारणं हे तेव्हा कुणाचंच काम नव्हतं. रस्त्यावरून जाण्याची व्यवस्था ज्या बाईला जायचं असेल तिनेच करायची, आपल्या पिशवीत घालून न्यायची.

पुढे पस्तीस वर्षांनी, १८८३ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाई जोशी बंगालमधल्या श्रीरामपूरला भाषणाला उभ्या राहिल्या. अमेरिकेला का जाते, हे त्यांना लोकांना सांगायचं होतं. त्या भाषणात वैद्यकशास्त्राबरोबर रस्त्याचाही विषय आला. आपण बाहेर पडलो की माणसं कशी गोळा होतात, हसतात, खडे मारतात, हे त्या अठराही पूर्ण न झालेल्या मुलीनं भर सभेत सांगितलं. समुद्रापलीकडे एकटीनं जाणं तिला जमणार होतं. घरापासून चार गल्ल्या जाणं अवघड होतं!

माझ्या पिशवीत लुगडं नव्हतं, सेफ्टी पिन होती. १९७९ साली मी डोंबिवलीहून फोर्टमध्ये नोकरीला जाऊ लागले, तेव्हा आईनं ती दिली. ‘पुरुषांच्या डब्यात चढायची वेळ आलीच तर हातात धर,’ एवढंच ती म्हणाली. पुढे गाडीत विचारलं तेव्हा कळलं की निम्म्या जणींकडे पिन होतीच. पण तिच्यापेक्षा मोठा आधार होता तो लेडीज डब्याचा. या डब्याचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही, म्हणून आज तो सांगते.

मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी गेली. बायकांच्या डब्याची कायदेशीर सक्ती व्हायला मात्र १८९० चा रेल्वे कायदा यावा लागला. त्याच्या ६४ व्या कलमानं ठरवलं की, १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सगळ्यात खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त स्त्रियांसाठी राखून ठेवायचा. ‘सगळ्यात खालच्या वर्गाचा’ हे शब्द महत्त्वाचे. वरच्या वर्गातल्या बायकांची सोय पैशानं होत होतीच. गाडी पन्नास मैलांहून लांब जाणार असेल तर त्या कप्प्यात शौचकूप हवा, असंही त्याच कलमात होतं. आजची कसारा लोकल सुमारे ७५ मैल धावते. तिच्यात शौचकूप नाही. स्टेशनवर उतरून जावं म्हटलं, तर मुंबईत पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, असा प्रकार वर्षानुवर्षं चालला होता. त्याविरुद्ध २०११ साली महिला संघटनांना मोहीम काढावी लागली. आता याला काय म्हणावं?

याच कायद्याच्या ११९ व्या कलमात, जाणूनबुजून बायकांच्या डब्यात शिरणाऱ्या पुरुषाला शंभर रुपयांपर्यंत दंड होता. त्या काळी गिरणीकामगाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी ही रक्कम. १९८९ च्या नव्या कायद्यात ती पाचशे झाली. शंभर वर्षांत पाचपट. रुपयाचं मोल तेवढ्या काळात किती उतरलं हे आपण जाणताच, तेव्हा धाक वाढला की कमी झाला, हे तुम्हीच ठरवा.

या कायद्यामागचा विचार मोकळेपणाचा नव्हता. पडदा पाळणाऱ्या घरांतल्या बायका परपुरुषांच्या नजरेला पडू नयेत, म्हणजे घरचे त्यांना गाडीनं पाठवतील आणि तिकिटं खपतील, असा तो हिशेब होता. डबा केला तो झाकण्यासाठी. पण मुंबईच्या बायकांनी त्याचं काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. १९२५ च्या फेब्रुवारीत मुंबईत विजेवर गाडी धावू लागली, उपनगरं वाढली. पुढे शिक्षिका, परिचारिका, टेलिफोन ऑपरेटर, बँकेतल्या मुली अशा नोकरदार बायकांनी तो डबा भरत गेला. माझ्या काळात त्या डब्यात भाजी निवडून होत असे, भिशी चाले, डोहाळजेवणं होत, संक्रांतीला हळदीकुंकू होई. तिघींच्या बाकावर चौथी बसे. चढल्या चढल्या ‘कुठे उतरणार?’ असं विचारून सीट सांगून ठेवायची, हा तिथला अलिखित कायदा आणि तो रेल्वेच्या कायद्यापेक्षा जास्त पाळला जाई. भांडणंही होत, अगदी झिंज्या धरेपर्यंत. पण त्या गर्दीत कुणी पुरुष चुकून चढला तर त्याला पोलिसाची गरज लागत नसे. तो स्वतःच पुढच्या स्टेशनवर उडी मारी.

१९९२ च्या मे महिन्यात चर्चगेटहून बोरिवलीला अख्खी गाडीच बायकांची सुटली. लेडीज स्पेशल. तिची टवाळी पुष्कळ झाली. ऑफिसातल्या पुरुष सहकाऱ्यांनी मला ‘आता तुमचं वेगळं शहरच करा’ असं म्हटल्याचं आठवतं. मी म्हटलं, शहर एकच ठेवा, फक्त आम्हाला त्यात पोचू द्या.

इथपर्यंतची गोष्ट सकाळ-संध्याकाळची झाली. रात्रीची वेगळी आहे.

वर्षअखेरीला हिशेबाचं काम असे, निघायला साडेदहा होत. दादर सुटलं की डबा विरळ व्हायला लागे. ठाण्याला सात-आठ जणी उरत. जलद गाडी तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जाई आणि बोगद्यात दिवे मिचमिचले की आम्ही उगाचच मोठ्यानं बोलू लागत असू. दोघीच उरल्या असल्या, तर ठाण्याला उतरून पळत जाऊन पुरुषांच्या डब्यात चढायचं, हा आमचा शिरस्ता होता. म्हणजे सकाळी ज्या डब्याची धास्ती, रात्री त्याच डब्याचा आसरा. तिथे पुरुष असत, पण पुष्कळ असत. फळीवर ‘फक्त महिलांसाठी’ लिहिलं की बाई सुरक्षित होते, हा समज माझा त्या दिवसांत गेला. आत माणसं नसतील तर तो डबा म्हणजे चार बाजूंनी बंद केलेला एकांत आणि त्याचा पत्ता बाहेर मोठ्या अक्षरांत रंगवलेला.

१९९८ साली एका तरुणीला लोकल गाडीतून लुटारूनं बाहेर ढकललं. तिनं दोन्ही पाय गमावले. त्या घटनेनं शहर हादरलं. रात्रीच्या लेडीज डब्यात पोलीस शिपाई बसवण्याची पद्धत पुढे पडली आणि ती चांगलीच आहे. पण नुसती माणसं असली की झालं, असंही मी म्हणणार नाही. ऑगस्ट २००२ मध्ये पश्चिम रेल्वेच्या धावत्या लोकलमध्ये एका मतिमंद मुलीवर अत्याचार झाला, तेव्हा त्याच डब्यात प्रवासी होते. ते पाहत राहिले. तेव्हापासून ‘गर्दीत सुरक्षित’ हे शब्द मी सहज वापरत नाही. लेडीज डब्यातल्या गर्दीला एकमेकींची ओळख होती, रोजची सात त्रेपन्न होती. त्या रात्रीच्या प्रवाशांना एकमेकांचं काहीच नव्हतं.

गाडीतून उतरलं की पूल लागतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जीव गेले. सुमारे महिन्याभरानं मुंबई उच्च न्यायालयानं स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. सकाळच्या गर्दीचा विचार केला तर ते योग्यच. पण रात्री अकराला पूल उतरताना गजरेवाली, भाजीवाला, त्यांच्या गाडीवरचा दिवा हाच माझा सोबती असे. त्यांची तोंडओळख होती, एखादा दिवस उशीर झाला तर विचारत. सकाळी अडचण होणारी तीच माणसं रात्री राखण करत होती, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, कारण नियम दिवसा केले जातात.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांच्या वावराचा अभ्यास करून २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. बाई रस्त्यावर दिसते ती नेहमी कामाला निघालेली. उगाच रेंगाळण्याचा हक्क तिला नाही, असं त्यांनी दाखवलं. वाचून मला पहिल्यांदा हसू आलं. रेंगाळायला वेळ कुणाला होता? मग आठवलं, तीस वर्षांत मी एकदाही स्टेशनबाहेरच्या कट्ट्यावर पाच मिनिटं बसले नव्हते. वेळ होता तेव्हाही नाही.

२०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर २०१३ साली कायदे कडक झाले, डब्यांत कॅमेरे बसू लागले. यातलं काहीच नको असं मी म्हणत नाही. पण एक साधी गोष्ट सुचवते. लोकलमध्ये बायकांचे डबे पुढे, मधे, मागे असे विखुरलेले असतात. सकाळी ते सोयीचं. रात्री अकरानंतर त्यामुळे प्रत्येकीत दोघी-तिघीच उरतात. त्या वेळी सगळ्या जणी एकाच डब्यात आल्या आणि शिपाई त्याच डब्यात बसला, तर खर्च काही नाही.

माझी भाची अंधेरीला रात्रपाळी करते. तिच्या फोनवर अशा परतणाऱ्या मुलींचा एक गट आहे. काही जणींची तोंडं अजून एकमेकींनी पाहिलेली नाहीत. निघताना प्रत्येक जण एवढाच निरोप टाकते: ‘अकरा अठरा, मधला डबा.’

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)